लांबची घोडेस्वारी : गाद्या वाढवू नका, खोगीर तपासा

माननीय संपादक यांस,

स. न. वि. वि.

दसरा जवळ आला की बेळगाव, खानापूर, चंदगड, निपाणी या पट्ट्यात घोड्यावरून गडावर जाण्याचे बेत ठरू लागतात. कुणाला राजहंसगडापर्यंत जाऊन यायचं असतं, कुणाला थेट पारगड गाठायचा असतो. हा उत्साह चांगलाच आहे. पण शिवजयंतीच्या मिरवणुकीत तासभर घोड्यावर बसणं वेगळं आणि दिवसभरात तीस-चाळीस किलोमीटर जाणं वेगळं. पहिल्या पंधरा किलोमीटरमध्येच मांड्या सोलवटतात. मग खोगिरावर उशी येते, उशीवर फोम येतो, वर दुलईची घडी येते. घोडेस्वारी शिकवणारी आम्ही माणसं, आणि या थरांविषयी स्पष्ट लिहिणं आम्हाला गरजेचं वाटतं. गादीने त्रास क्वचितच कमी होतो, बहुतेक वेळा तो वाढतो.

कातडी सोलवटते ती घासण्यामुळे, आणि ओल व उष्णता मिळाली की फार लवकर सोलवटते. सुटी उशी घोड्याच्या प्रत्येक पावलागणिक थोडी सरकते आणि सरकताना मांडीची कातडी सोबत ओढते. फोम घाम सोडत नाही. शिवाय उंची वाढल्याने मांड ढिली पडते, स्वार गुडघ्यांनी आवळून धरतो आणि तासाभरात गुडघे बोलू लागतात. हेच थर खोगिराच्या खाली घातले तर नुकसान त्याहून मोठं. आधीच घट्ट असलेल्या बुटात दोन मोजे घातल्यावर पायाचं जे होतं, तेच घोड्याच्या पाठीचं होतं. पाठ दुखू लागली की घोडा ती आखडून धरतो, पाऊल आखूड टाकतो, त्याची दुडकी चाल खडबडीत होते आणि प्रत्येक हिसका स्वाराच्या कमरेत बसतो. म्हणून स्वाराचा आराम घोड्याच्या पाठीपासून मोजायला लागतो.

घोडा सपाट जागी, चारही पायांवर सारखा उभा करा. पाठीवर नमदा, घोंगडी काही न घालता नुसतं खोगीर ठेवा. आधी जरा पुढे ठेवून मागे सरकवा, म्हणजे केस सरळ बसतात. ते जिथे आपसूक थांबेल ती त्याची जागा. खोगिराचा पुढचा भाग फऱ्याच्या, म्हणजे खांद्याच्या हाडाच्या मागे हवा, त्यावर चढलेला नको, नाहीतर पुढचा पाय मोकळा पडत नाही. मागचा भाग शेवटच्या बरगडीच्या अलीकडे संपायला हवा. त्यापुढे कंबर आहे आणि तिथे भार पेलायला खालून बरगड्या नसतात. स्वार बसल्यानंतर मानेच्या मुळाशी असलेला उंचवटा आणि खोगिराची कमान यांच्यामध्ये दोन-तीन बोटं जायला हवीत. स्वार बसल्यानंतर असं मुद्दाम म्हणतो आहोत. रिकाम्या खोगिराखाली तीन बोटं जातात आणि सत्तर किलोचा माणूस बसला की एकही जात नाही, असं पुष्कळदा दिसतं. कण्यावरून जाणारी मधली मोकळी नाळ पुढून मागेपर्यंत तीन-चार बोटं रुंद असावी. घोड्याच्या मागे, पण लाथेच्या टप्प्याबाहेर उभं राहून पाहिलं तर त्या नाळेतून पलीकडचा उजेड दिसला पाहिजे.

आता तळहात खोगिराच्या गादीखाली घालून पुढून मागे सरकवत न्या. दाब सगळीकडे सारखा लागावा. पुढे आणि मागे हात चेपतो पण मध्ये पोकळ लागतं, याचा अर्थ खोगीर चार टोकांवरच टेकलं आहे आणि तिथे जखमा होणार. उलट मध्येच टेकून पुढे-मागे डुलत असेल तर ते चालताना पाठीवर घासत राहणार. आपल्याकडे वापरात असलेली बरीच खोगिरं कानपूरला बनलेली असतात. तिथला मोठा माल निर्यातीसाठी, रुंद पाठीच्या घोड्यांच्या मापाने तयार होतो. आपला देशी घोडा लहान आणि आखूड पाठीचा. काठेवाडी-मारवाडी जातीचा असला तर अंगाने अरुंद. त्याच्यावर ते खोगीर पुढे कलतं आणि थेट उंचवट्यावर बसतं. अशा वेळी खोगिराच्या आतला सांगाडाच बदलायला हवा, भरण वाढवून भागत नाही.

भरणही हाताने चाचपून पाहा. लोकर गोळा होऊन गाठी झाल्या असतील तर प्रत्येक गाठ म्हणजे एक खडा. वापर रोजचा असेल तर वर्षातून एकदा भरण मोकळं करून पुन्हा भरून घ्यावं, आणि त्यात शिंप्याकडच्या चिंध्या भरू देऊ नयेत. सांगाडा मोडला आहे का हे कळायला सोपी रीत आहे. खोगिराची पुढची बाजू पोटाला टेकवून मागची कड दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढा. किंचित लवचीकपणा असलेली खोगिरं असतात, पण कटकट आवाज आला किंवा बैठकीच्या मध्यावर सुरकुती पडली तर सांगाडा गेला. ते खोगीर कितीही देखणं असलं तरी घोड्यावर चढवू नये.

खोगीर नीट बसतं की नाही, याचा सर्वांत खरा साक्षीदार घाम आहे. तासभर दुडकी चालवून खोगीर काढलं की दोन्ही बाजूंना सारखा ओला पट्टा दिसावा आणि कण्यावर कोरडी रेघ राहावी. ओल्या पट्ट्याच्या मध्ये रुपयाएवढी कोरडी जागा दिसली तर तिथे इतका दाब पडला आहे की घामाच्या ग्रंथींनी काम थांबवलं. काही वेळा तिथे खोगीर टेकलेलंच नसतं म्हणूनही ती कोरडी राहते. दोन्हींतला फरक हात घालून कळतो. पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके असले तर ते जुन्या दाबाच्या जखमांचे. भाड्याने घोडा घेताना दात पाहण्याआधी हे ठिपके पाहावेत.

खाली घालायला आपल्या भागात धनगर आणि कुरुबर विणतात त्या घोंगडीइतकं चांगलं काही नाही. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते. ती घाम पिते, हवा खेळू देते आणि सहसा सरकत नाही. घडी घालताना दुमडलेली कड पुढे आणि सुटी टोकं मागे ठेवा, एकही सुरकुती राहू देऊ नका. खोगीर ठेवल्यावर घोंगडीची पुढची कड बोटाने वर उचलून कमानीत खोचा, म्हणजे ती उंचवट्यावर ताणली जात नाही. दोन पदर पुरे. चार पदर लागत असतील तर खोगीरच चुकीचं आहे. वापर झाल्यावर घोंगडी उन्हात वाळवून झटकावी. वाळलेल्या घामाचं मीठ आणि कुसळं यांनीही पाठ सोलवटते.

तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालून आवळायचा पट्टा, घोड्याच्या कोपरामागे चार बोटं सोडून बसावा. तो एकदम आवळू नये. आधी सैल, दोन मिनिटं घोडा फिरवून एक भोक, स्वार चढण्याआधी आणखी एक. मग घोड्याचे पुढचे पाय एकेक करून गुडघ्यातून पुढे ओढा, म्हणजे तंगाखाली चिमटीत सापडलेली कातडी सुटते. हे न केल्याने काखेत फोड येतात आणि दोष विनाकारण तंगाच्या कातड्याला दिला जातो. निघाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी तंग पुन्हा तपासावा, कारण घोडा सुरुवातीला पोट फुगवून उभा राहतो.

वजनाचा विषय कुणाला आवडत नाही, तरी तो सोडता येणार नाही. स्वार, खोगीर आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत असावं, असं बरेच जाणकार मानतात. घोड्याला काटा कुठून आणायचा, हा प्रश्न टेपने सुटतो. कोपरामागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या. खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी घ्या. घेराचा वर्ग गुणिले लांबी भागिले ११,८८० म्हणजे अंदाजे किलो. घेर १५० आणि लांबी १३५ असेल तर वजन २५५ किलोच्या आसपास येतं. त्याचा पाचवा हिस्सा ५१. आठ किलोचं खोगीर वजा केलं तर ४३ किलोचा स्वार. म्हणजे असा तट्टू शाळकरी मुलासाठी आहे, धष्टपुष्ट गड्यासाठी नाही. ओझ्याच्या जनावरांसाठी केंद्र सरकारचे १९६५ चे नियम आहेत. त्यांत तट्टावर ७० किलोपेक्षा जास्त ओझं लादायला मनाई आहे. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, सलग पाच तासांनंतर विश्रांती हवी, आणि पारा ३७ अंशांवर गेला असेल तर दुपारी बारा ते तीन काम बंद, असंही त्यांत आहे. अथणी-चिकोडीकडे उन्हाळ्यात ही शेवटची अट पुष्कळदा लागू पडते.

आता रिकीब, म्हणजे स्वाराने पाय ठेवायची कडी. स्वाराच्या दुखण्यांपैकी निम्मी तरी रिकिबीच्या लांबीतून येतात, असं आमचं मत आहे. जमिनीवर उभं राहून बोटांची टोकं रिकीबपट्ट्याच्या वरच्या कडीला लावा, दुसऱ्या हाताने रिकीब काखेकडे ओढा. ती काखेत पोहोचली की सुरुवातीचं माप मिळालं. चढल्यावर पाय रिकिबीतून काढून सैल सोडा. रिकिबीचा तळ घोट्याच्या हाडाशी लागावा. फार आखूड झाली तर गुडघा आणि घोटा दुखतो. फार लांब झाली तर स्वार बोटांच्या टोकांनी रिकीब शोधत राहतो, बैठकीवर पुढेमागे घासतो आणि जांघेतली कातडी जाते. कंबर धरते तीही बहुधा याच कारणाने. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कळ येत असेल तर नव्या, ताठ रिकीबपट्ट्याचा पीळ तपासा. असा पट्टा पाऊल सतत आत वळवत राहतो. रात्री खोगीर ठेवताना रिकिबी उलट बाजूला पिळून दोन्हींतून एक काठी आडवी घालून ठेवावी. थोड्या दिवसांत पट्टा वळण घेतो.

डाव्या पट्ट्याचं एक वेगळं दुखणं आहे. चढताना सगळा भार त्याच्यावर येतो, त्यामुळे तो ताणून लांब होतो. भोकं दोन्हीकडे सारखी मोजली तरी डावी रिकीब एक-दोन सेंटिमीटर खाली राहते, स्वार डावीकडे कलतो, खोगीर कलतं आणि घोड्याची पाठ एकाच बाजूला सुजते. पट्टे दर महिन्याला अदलाबदल करावेत, भोकं न मोजता टेपने मापावेत, आणि शक्य तिथे पाराच्या कट्ट्यावरून नाहीतर बांधावरून चढावं.

रिकिबीची रुंदी बुटापेक्षा अडीच सेंटिमीटर जास्त असावी. अरुंद असली तर पडल्यावर पाऊल अडकतं. बूट टाचेचा हवा आणि तळ गुळगुळीत. चप्पल किंवा जाड खाचांचे खेळाचे बूट घालून रिकिबीत पाय घालू नये. पाऊल बधिर होत असेल तर रुंद तळाची रिकीब घ्या आणि पाऊल बोटांच्या उशीवर न ठेवता किंचित आत सरकवा. टाच खाली दाबून धरायची सवय मैदानावर ठीक. लांबच्या वाटेवर ती पोटरीत गोळे आणते.

कपड्यांचं थोडक्यात. जीन्सची आतली जाड शिवण मांडीला कापते. सैल पायजम्याच्या चुण्या पडतात. सुती अंतर्वस्त्र घामाने भिजलं की सुकत नाही. आतून शिवण नसलेली, अंगाला बसणारी, सायकलस्वार घालतात तशी चड्डी आणि वर ताणली जाणारी विजार, हे सर्वांत बरं. महिलांनी खेळासाठीची घट्ट चोळी वापरावी. तिच्याविना दुडकी चालीत पाठ आणि खांदे लवकर थकतात. निघण्याआधी जांघेत, मांडीच्या आत आणि बैठकीच्या हाडांवर व्हॅसलीन चोळावं. पावडर नको, ती घामाने लगदा होऊन घासते. बैठक खरोखरच कडक वाटत असेल तर उशीऐवजी खऱ्या मेंढीच्या कातड्याचं, पट्ट्यांनी पक्कं बांधता येणारं आच्छादन घाला. त्यातून हवा खेळते आणि ते सरकत नाही.

बैठक कशी आहे तेही पाहावं. खोगिराचा सर्वांत खोल भाग मध्यावर किंवा किंचित पुढे हवा. तो मागे असेल तर स्वार खुर्चीत बसल्यासारखा मागे रेलतो, पाय पुढे जातात आणि माकडहाडावर भार येतो. कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत येत नसतील तर आधी खोगीर तपासा, मग स्वाराला बोला.

चालीचा हिशेब असा. पावलावर घोडा तासाला सहाएक किलोमीटर जातो, दुडकीवर बारा-तेरा. दुडकीत दोन हिसक्यांपैकी एकाला उठायचं, एकाला बसायचं. पण सतत एकाच बाजूच्या पायावर बसत राहिलं तर घोड्याची पाठ एकीकडे थकते आणि स्वाराची कंबरही. प्रत्येक किलोमीटरच्या दगडाला बाजू बदलण्याची सवय लावावी. ज्यांना हिसके न देणाऱ्या रवाल चालीचा घोडा मिळतो त्यांना उठबस करावी लागत नाही, म्हणून लांबच्या वाटेला त्याची मागणी असते. मात्र लगाम खेचून, मान वर ताणून, पाठ खाली दाबून काढलेली रवाल चाल घोड्याला महाग पडते. सैल लगामावर जो रवाल चालतो तोच खरा.

दर तासाला दहा मिनिटं उतरून घोड्याबरोबर चालावं. घोडदळांची ही जुनी रीत आहे आणि दोघांच्याही अंगातला ताठरपणा तिच्यामुळे जातो. अमेरिकेत १९५५ पासून एका दिवसात शंभर मैल, म्हणजे १६० किलोमीटर जाण्याची टेव्हिस कप ही स्वारी होते. तिथेही वाटेत तासाच्या दोन सक्तीच्या विश्रांती आहेत आणि पशुवैद्य जागोजागी घोडा तपासून मगच पुढे सोडतात. इतकं लांब जायलाही नको. आपल्याच चिकोडी तालुक्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व दरवर्षी माउलींच्या पालखीसाठी आळंदीला जातात. अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास. ते मुक्काम ठरवून, टप्प्याटप्प्याने जातात, आणि माउलींच्या अश्वावर तर कुणी बसतही नाही. आपल्या हौशी मंडळींनी एका दिवसात पारगड गाठण्याची पैज लावण्याआधी ही रीत पाहावी. तयारी नसलेल्या घोड्याला आणि स्वाराला पहिल्या आठवड्यात आठ-दहा किलोमीटर पुरे. मग दर आठवड्याला दोन-तीन किलोमीटर वाढवत न्यावं. तालमीत जाणाऱ्यांनी बैठका माराव्यातच, शिवाय अर्ध्या बैठकीत मिनिटभर स्थिर उभं राहण्याचा सराव करावा. मांडीला हवी असलेली ताकद याने येते.

सामान पाठीवरच्या पिशवीत नको. ती प्रत्येक पावलाला उडते आणि तो भार पुन्हा घोड्याच्याच पाठीवर येतो. दोन्ही बाजूंच्या झोळ्या काट्यावर तोलून सारख्या करा आणि खोगिराच्या पुढे बांधा. मागे कमरेवर अवजड काही नको.

जांबोटीकडच्या किंवा चोर्ल्याकडच्या चढ-उतारावर गोल पाठीच्या घोड्याचं खोगीर उतारात पुढे घसरून फऱ्यावर चढतं. तिथे दुमची, म्हणजे शेपटीखालून जाणारा पट्टा, लावावी. ती लावताना शेपटीचा एकही केस तिच्याखाली राहू नये, आणि पुठ्ठ्यावरच्या पट्ट्याखाली आडवा हात सहज जावा. चढासाठी छातीपट्टा. तीव्र उतार मात्र पायीच उतरावा. निपाणी-चिकोडी रस्त्यावर गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या चालू असतात. बिचकलेल्या घोड्यावर सगळं शरीर आवळून बसल्याने जेवढा थकवा येतो तेवढा दहा किलोमीटरच्या वाटेने येत नाही, म्हणून आतल्या गाडीवाटा शोधाव्यात.

मुक्कामाला पोहोचलं की खोगीर झटकन उतरवू नये. तंग दोन भोकं सैल करून दहा मिनिटं तसंच राहू द्यावं, घोडा हळूहळू फिरवावा, मग खोगीर काढून पाठ तळहाताने चोळावी. दाबून राहिलेल्या भागात रक्त एकदम धावलं तर सूज येते. नंतर कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटांनी सारखा दाब देत मागे जावं. घोडा पाठ चोरतो, कान मागे टाकतो, तिथे दुखतं आहे. सूज काही तासांनी वर येते, त्यामुळे रात्री एकदा आणि पहाटे एकदा पुन्हा हात फिरवावा. गाठ लागली तर गार पाणी मारावं, आणि ती पूर्ण बसेपर्यंत त्या पाठीवर खोगीर चढवू नये. हळद-तेल लावून वर घोंगडीची जास्तीची घडी घालून पुढचा टप्पा काढणं, हे सर्रास चालतं आणि ते क्रूर आहे.

जी मंडळं अशा स्वाऱ्या ठरवतात त्यांना एक विनंती. निघण्याच्या ठिकाणी एक वजनकाटा आणि एक टेप ठेवा. भगवे फेटे बांधण्याआधी प्रत्येक घोड्याची पाठ एका जाणत्या माणसाने उघडी पाहावी आणि प्रत्येक स्वार खोगिरासह काट्यावर उभा करावा. ज्याचा हिशेब बसत नाही त्याने सोबतच्या गाडीतून यावं आणि त्याच्या घोड्याने मोकळ्या पाठीने चालावं. पहिल्या सकाळी हे सांगणं अवघड जाईल, पण ते नोंदणीच्या अर्जावरच छापलं तर वाद होणार नाही.

आपले नम्र,
घोडेस्वारी शिकवणारे काही वाचक,
बेळगाव